प्रीफॅब घर आणि त्यासाठी साहित्याची निवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात स्वतःच्या जागेवर एक किंवा दोन मजल्यांचे प्रीफॅब घर बांधण्याचा विचार करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. कोकणातला पाऊस, विदर्भातले ऊन, मराठवाड्यातली काळी माती आणि समुद्रकाठची खारी हवा या चार गोष्टी घराच्या साहित्याची निवड ठरवतात. कंपनीच्या माहितीपत्रकातले घर मात्र सर्वत्र एकच असते, म्हणून उत्तरांत प्रदेशाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल.

प्रीफॅब घर म्हणजे नेमके कोणते घर?

ज्या घराचे सांगाडा, भिंती, छप्पर असे मुख्य भाग कारखान्यात मापाने तयार होतात आणि जागेवर फक्त जोडले जातात, ते प्रीफॅब घर होय. आपल्याकडे ही पद्धत अगदीच नवी नाही. जुन्या वाड्यांचे सागवानी खांब, तुळया आणि कडीपाट सुतार आधी कापून, खाचा पाडून, खुणा करून ठेवत आणि मग जागेवर उभे करत. म्हणूनच पाडलेल्या वाड्याचे लाकूड दुसरीकडे पुन्हा उभे राहू शकत असे. स्वतंत्र भारतातही फाळणीनंतर विस्थापितांना लवकर घरे देता यावीत म्हणून सरकारने १९४८ मध्ये दिल्लीत घरांचे भाग बनवणारा कारखाना सुरू केला होता.

आज बाजारात एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. पोर्टेबल केबिन, जुन्या मालवाहू कंटेनरचे घर, लोखंडी सांगाड्यावर पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फेस भरलेले पॅनल) लावलेले घर, हलक्या गॅल्व्हनाइज्ड सेक्शनच्या सांगाड्यावर सिमेंट बोर्ड लावलेले घर (याला एलजीएसएफ म्हणतात), प्रीकास्ट काँक्रीटचे घर आणि काचतंतू मिसळलेल्या जिप्समच्या पॅनलचे घर (जीएफआरजी) हे सारे प्रीफॅबच आहे. पण त्यांचे आयुष्य, वजन, किंमत आणि राहणीचा अनुभव यांत मोठा फरक आहे. म्हणून कोटेशन मागताना केवळ ‘प्रीफॅब घर’ असे न म्हणता यांपैकी कोणता प्रकार हवा हे नेमके सांगावे.

यांपैकी माझ्यासाठी कोणता प्रकार योग्य ठरेल?

घरात कायम राहायचे की कधीमधी, हा पहिला निकष आहे. शेतावरची विश्रांतीची खोली, रखवालदाराची जागा किंवा साईट ऑफिस यांसाठी केबिन पुरेशी असते. वर्षभर कुटुंबासह राहायचे असेल, तर माझ्या मते एलजीएसएफ किंवा नेहमीच्या लोखंडी सांगाड्यावर दुहेरी बोर्डाच्या भिंती हा पर्याय सर्वांत समतोल आहे, कारण त्यात भिंतीच्या आत उष्णतारोधक थर, वायरिंग आणि पाइप नीट बसवता येतात आणि पूर्ण झालेले घर आतून नेहमीच्या घरासारखेच वाटते. या सांगाड्याचे सेक्शन साधारण ०.७५ ते १.६ मिमी जाडीचे असतात आणि त्यावर दोन-तीन मजल्यांपर्यंतची घरे बांधली जातात.

प्रीकास्ट काँक्रीट मजबूत आहे, पण त्याचे साचे, वाहतूक आणि क्रेन यांचा खर्च अनेक सारखी घरे एकत्र बांधली तरच परवडतो. केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये ज्या सहा शहरांत नव्या तंत्रज्ञानाचे गृहप्रकल्प सुरू केले, त्यांत चेन्नईला प्रीकास्ट काँक्रीट, रांचीला कारखान्यात ओतलेल्या संपूर्ण खोल्या, इंदूरला सँडविच पॅनल आणि आगरतळ्याला हलक्या पोलादी सांगाड्याची पद्धत वापरली गेली. यातला प्रत्येक प्रकल्प हजार किंवा त्याहून अधिक घरांचा होता. एकट्या घरासाठी तेच गणित लावता येत नाही.

जीएफआरजीचे पॅनल १२ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि १२४ मिमी जाड असते व आतून पोकळ असते; त्या पोकळ्यांत सळई आणि काँक्रीट भरून भार पेलला जातो. खतनिर्मितीतून उरणाऱ्या जिप्समचा त्यात चांगला उपयोग होतो आणि आयआयटी मद्रासने त्यावर बरेच काम केले आहे. मात्र इतके मोठे पॅनल घाटातल्या वळणांवरून आणि गावातल्या बोळांतून नेणे अवघड असते. आपल्या जागेपर्यंत ट्रेलर आणि क्रेन पोहोचतात का, हे आधी पाहावे.

भिंतीसाठी पफ पॅनल घ्यावे, थर्माकोलचे पॅनल घ्यावे की सिमेंट बोर्ड?

पफ पॅनलमध्ये दोन रंगीत पत्र्यांच्या मध्ये पॉलियुरेथेनचा फेस असतो, ज्याची घनता साधारण ४० किलो प्रति घनमीटर असते. उष्णता अडवण्यात ते या सर्वांत सरस आहे. ५० मिमीचे पफ पॅनल नऊ इंची विटांच्या भिंतीच्या तुलनेत चार ते पाचपट कमी उष्णता आत येऊ देते. पण दोन उणिवा आहेत. पत्र्याची भिंत वापरात ठोकरली की तिला खळगा पडतो आणि तो काढता येत नाही; आणि फेस ज्वलनशील असतो. त्यामुळे छपरासाठी पफ पॅनल आणि भिंतीसाठी बोर्ड, अशी विभागणी मला अधिक योग्य वाटते.

दोन सिमेंट बोर्डांच्या मध्ये थर्माकोलचे दाणे मिसळलेले हलके सिमेंट भरलेली पॅनलही मिळतात. ती घट्ट असतात, त्यांत खिळा-स्क्रू चांगला बसतो आणि ठोकल्यावर पोकळ आवाज येत नाही. आतल्या आडभिंतींसाठी ती उत्तम. बाहेरच्या भिंतींत मात्र दोन पॅनलमधला सांधा हीच पावसाची वाट असते. खरे पाहता कोणत्याही प्रीफॅब घराची गुणवत्ता सांध्यांवरून ठरते. पॅनल कारखान्यात यंत्रावर तयार होते, त्यामुळे त्यात फारशी चूक होत नाही. सांधा मात्र जागेवर, उन्हात, घाईच्या वेळी माणसाच्या हाताने भरला जातो.

दोन फायबर सिमेंट बोर्डांमध्ये ३ ते ४ मिमीची फट मुद्दाम सोडावी लागते, कारण ओल आणि उष्णता यांनी बोर्ड किंचित फुगतो व आक्रसतो. ही फट पुट्टीने बुजवली, तर पहिल्याच वर्षी सरळ रेषेत तडा जातो. बाहेरच्या बाजूने ती लवचीक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने भरावी, किंवा तडे लपवण्याचा अट्टहास न करता वर पट्टी मारून सांधा उघडपणे दाखवावा. बोर्ड आयएस १४८६२ या भारतीय मानकाचा आणि अॅस्बेस्टॉसविरहित आहे, असे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. बाहेरच्या भिंतीसाठी किमान ८ मिमी, शक्यतो १० मिमी जाडी असावी. जिप्सम बोर्ड फक्त आतून लावावा. तो ओल अजिबात सहन करत नाही.

मग एएसी ब्लॉक किंवा चिरा वापरायचाच नाही का?

जरूर वापरावा. सांगाडा व छप्पर कारखान्याचे आणि भिंती स्थानिक साहित्याच्या, ही मिश्र पद्धत आपल्याकडे अनेकदा पूर्ण प्रीफॅबपेक्षा चांगली ठरते. एएसी ब्लॉकची (हवेच्या बुडबुड्यांच्या हलक्या काँक्रीट ठोकळ्यांची) घनता साधारण ५५० ते ६५० किलो प्रति घनमीटर, म्हणजे विटेच्या एक-तृतीयांश असते. गवंडी त्याचे काम जाणतात आणि दुरुस्तीला कंपनीचा माणूस बोलवावा लागत नाही.

कोकणात आणि गोव्यात जांभ्या चिऱ्याचे जोते करून खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत चिऱ्याचीच भिंत घ्यावी आणि त्यावर हलका सांगाडा व बोर्ड लावावा, असे मी आवर्जून सुचवीन. पागोळ्यांचे पाणी अंगणात आपटून भिंतीवर उडते ते याच दोन-तीन फुटांत, आणि बोर्ड कुजण्याची, सेक्शन गंजण्याची सुरुवातही तिथूनच होते. चिऱ्याला त्या पाण्याचे काही वाटत नाही.

पत्र्याची जाडी आणि थर यांबद्दल काय विचारावे?

‘पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा आहे’ हे उत्तर अपुरे आहे. जाडी दोन प्रकारे सांगितली जाते : थरासह एकूण जाडी आणि नुसत्या पोलादाची जाडी. ०.५० मिमी ही एकूण जाडी असेल, तर आतले पोलाद त्याहून पातळ असते. कोटेशनमध्ये दोन्ही आकडे मागावेत आणि माल आल्यावर मायक्रोमीटरने मोजून घ्यावा. चांगला फॅब्रिकेटर याला हरकत घेत नाही.

दुसरा प्रश्न जस्ताच्या थराचा. सांगाड्याच्या सेक्शनवर ‘झेड २७५’ असे लिहिलेले असते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून प्रति चौरस मीटर २७५ ग्रॅम जस्त. एका बाजूला हा थर जेमतेम २० मायक्रॉन भरतो. आता हवामानाचा हिशेब पाहा. मध्यम खाऱ्या किंवा शहरी हवेत उघडे जस्त वर्षाला सुमारे ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजते, तर समुद्राच्या अगदी काठावर, खारे तुषार येतात अशा ठिकाणी ४.२ ते ८.४ मायक्रॉन. म्हणजे जो थर पुण्या-नाशकाकडे उघड्यावरही दहा वर्षांहून अधिक टिकेल, तोच मुरुडच्या किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर अडीच ते पाच वर्षांत संपू शकतो. भिंतीच्या आत, कोरड्या पोकळीत झीज अत्यल्प असते. सांगाडा कधीच उघडा ठेवायचा नाही, हा नियम त्यातूनच आला आहे.

किनाऱ्यावर छपरासाठी अॅल्युमिनियम-जस्त मिश्रणाचा जाड थर असलेला रंगीत पत्रा किंवा सरळ अॅल्युमिनियमचा पत्रा घ्यावा. हा मिश्र थर ओल्या सिमेंटच्या संपर्कात खराब होतो. त्यामुळे पत्रा भिंतीत गाडून वर सिमेंट थापण्याची आपली सवय इथे सोडावी लागते. पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नये. उडालेल्या ठिणग्या रंगात रुततात आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर त्या जागी तांबडे ठिपके दिसू लागतात. कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कातरणाऱ्या यंत्राने) कापलेली कडही रंगवून घ्यावी.

कोकणातल्या पावसासाठी छप्पर कसे असावे?

कोकण किनाऱ्यावर वर्षाला साधारण २,५०० ते ३,५०० मिमी पाऊस पडतो आणि आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर त्याहून कितीतरी अधिक. तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, वाऱ्यासह, तिरका येतो. सपाट छपराचे आधुनिक दिसणारे प्रीफॅब घर या प्रदेशासाठी नाही, हे मी ठामपणे सांगू इच्छितो. दोन्ही बाजूंना उतार, भिंतीच्या बाहेर किमान अडीच-तीन फूट पुढे आलेले पाखे, आणि शक्य असेल तर वाऱ्याच्या बाजूला पडवी, ही जुन्या घराची रचना नव्या साहित्यातही तशीच ठेवावी. ज्या भिंतीवर पाऊस पोहोचतच नाही, तिच्या सांध्यांची काळजी निम्मी कमी होते.

पत्र्यावरचा पावसाचा आवाज ही रहिवाशांची सर्वांत मोठी तक्रार असते. एकेरी पत्र्याखाली रात्री बोलणेही ऐकू येत नाही. पफ पॅनल किंवा पत्र्याखाली रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) आणि त्याखाली बोर्डाचे छत, असे केल्यास आवाज बराच कमी होतो. कोकणात लोकांनी स्वतः शोधलेला आणखी एक उपाय आहे : लोखंडी सांगाड्यावर पत्रा आणि पत्र्यावर मंगळुरी कौले. कौल उन्हाचा आणि पावसाचा मार घेते, खालचा पत्रा गळती थांबवतो आणि दोहोंमधल्या हवेमुळे घर थंड राहते. वानरे कौले फोडतात म्हणून अनेकांनी ती काढून टाकली, हे खरे आहे. पण खाली पत्रा असल्यास फुटलेल्या कौलामुळे लगेच गळत नाही आणि सवडीने बदलता येते. मात्र कौलांचे वजन सांगाड्याच्या गणितात आधीच धरलेले असले पाहिजे. घर झाल्यावर सुचलेली कौले चढवू नयेत.

हे घर उन्हाळ्यात भट्टीसारखे तापणार नाही का?

उष्णतारोधक थर नसेल तर तापेल. निवासी इमारतींसाठीच्या ‘इको निवास संहिता २०१८’ नुसार छपरातून उष्णता जाण्याचे प्रमाण १.२ एककांहून अधिक नसावे (एकक म्हणजे प्रति चौरस मीटर, प्रति अंश, वॅट). उघड्या पत्र्याला ही मर्यादा कधीच गाठता येत नाही. ५० मिमी पफचे छप्पर मात्र ०.५ च्याही खाली राहते. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, तिथे छपराच्या पॅनलची जाडी हा काटकसर करण्याचा विषय नाही. भिंतीत बचत केली तरी चालेल, छपरात करू नये.

हलक्या घराचा स्वभाव जाड भिंतीच्या घरापेक्षा वेगळा असतो, हेही समजून घ्यावे. दगड-मातीची जाड भिंत दिवसाची उष्णता शोषते आणि ती आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. त्यामुळे दुपारी घर गार आणि रात्री उबदार. हलकी भिंत काहीच साठवत नाही. म्हणून दुपारी ऊन आत येणार नाही अशी सावली आणि रात्री वारा आरपार जाईल अशा समोरासमोरच्या खिडक्या, या दोन गोष्टी केल्यास हे घर सूर्यास्तानंतर लवकर निवते. पश्चिमेच्या भिंतीला मोठी काच लावू नये. छपराचा रंग पांढरा किंवा फिकट घ्यावा.

आणखी एक तांत्रिक बाब. भिंतीच्या पोकळीत रॉकवूल भरले, तरी मधले पोलादी सेक्शन उष्णता सरळ आत पोहोचवतात. सांगाड्याच्या बाहेरून सलग असा रोधक थर घेतला, तरच भरलेल्या रॉकवूलचा पूर्ण उपयोग होतो.

घर हलके आहे, तर पाया साधा चालेल ना?

हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. खडकावर, कातळावर किंवा घट्ट मुरमावर पाया खरोखरच साधा चालतो. पण मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या मोठ्या भागात काळी माती आहे, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. फुगणारी माती इमारतीला वर ढकलते. जड इमारत आपल्या वजनाने तिला काही प्रमाणात दाबून ठेवते, हलकी इमारत ठेवू शकत नाही. म्हणजे काळ्या मातीत हलक्या घराला धोका उलट जास्त असतो. एक कोपरा थोडा जरी उचलला गेला, तरी दारे अडकू लागतात आणि पॅनलचे सांधे उघडतात.

यावर दोन मार्ग आहेत. काळ्या मातीचा थर उथळ असेल, तर तो पूर्ण काढून मुरूम थराथराने धुमसून भरावा. थर खोल असेल, तर खाली बल्बसारखा फुगीर भाग असलेल्या अंडर-रीम्ड पाइलवर घर उभे करावे आणि जोत्याची बीम जमिनीला न टेकवता खाली थोडी पोकळी सोडावी. शिवाय घराभोवती फरसबंदी करून छपराचे पाणी दूर न्यावे, आणि मोठी झाडे भिंतीला खेटून लावू नयेत. मातीची तपासणी करण्याचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने नगण्य असतो.

जोत्याची अचूकता हाही पायाचाच भाग आहे. विटांच्या कामात गवंडी इंचभराचा फरक गिलाव्यात सामावून घेतो. कारखान्यातून मापाने आलेल्या सांगाड्याला ती सोय नाही. अँकर बोल्ट बसवण्याआधी कर्ण मोजावेत : १२ मीटर बाय ९ मीटरच्या जोत्याचे दोन्ही कर्ण बरोबर १५ मीटर भरले पाहिजेत. सांगाड्याची ऑर्डर जोते पूर्ण झाल्यावर, प्रत्यक्ष मापे घेऊनच पक्की करावी.

भूकंपात आणि वादळात हे घर टिकेल का?

भूकंपाचे बल इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे हलकी आणि नीट बांधलेली घरे इथे उजवी ठरतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जवळपास १०,००० माणसे गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड धाबे कोसळल्याने. नऊ इंची विटांची गिलावा केलेली भिंत प्रति चौरस मीटर ५०० किलोच्या आसपास भरते. हलक्या सांगाड्याची बोर्डाची भिंत साधारण त्याच्या एक-दशांश. कोयना परिसरात, जिथे ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप झाला, तिथे हा फायदा खरा मोलाचा आहे.

वाऱ्याच्या बाबतीत नेमके उलटे आहे. भारतीय मानकानुसार मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद आणि पुण्यासाठी ३९ मीटर प्रति सेकंद धरतात. ४४ च्या वेगाने येणाऱ्या वाऱ्याचा दाब प्रति चौरस मीटर सुमारे ११८ किलो होतो, आणि छपराच्या कडा-कोपऱ्यांवर वर ओढणारे बल त्याहून जास्त असू शकते. तेवढ्याच पत्र्याचे स्वतःचे वजन असते जेमतेम ५ किलो. म्हणजे छप्पर जागेवर राहते ते पूर्णपणे स्क्रू, पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या), तुळई आणि अँकर बोल्ट यांच्या साखळीवर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, दापोली परिसरातल्या असंख्य घरांचे पत्रे उडाले. कंपनीकडून आपल्या जागेच्या वाऱ्याच्या वेगासाठी केलेले गणित, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीसह, मागावे. कडेच्या पट्ट्यात स्क्रू जवळजवळ असावेत. पडवीचे छप्पर मुख्य छपराला सलग न जोडता वेगळे ठेवल्यास, पडवी गेली तरी घर वाचते.

आग आणि विजेच्या दृष्टीने काय पाहावे?

पफ आणि थर्माकोल दोन्ही जळतात, आणि पफच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असतात. रॉकवूल जळत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतींत म्हणून रॉकवूलच भरावे आणि आतून १२.५ मिमीचा अग्निरोधक जिप्सम बोर्ड किंवा सिमेंट बोर्ड लावावा. पॅनलमधून जाणारी प्रत्येक वायर नळीतून न्यावी. फेसात उघडी वायर कधीही गाडू नये. जागेवर वेल्डिंग चालू असताना पफ पॅनल जवळ रचून ठेवू नयेत.

घराचा सांगाडा पोलादी असल्याने तो जमिनीशी अर्थिंगने जोडलेला असलाच पाहिजे आणि मुख्य बोर्डावर आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवलेला असला पाहिजे. ही बाब ऐच्छिक नाही.

जुन्या कंटेनरचे घर कसे?

२० फुटी कंटेनर बाहेरून सुमारे ६.०६ मीटर लांब आणि २.४४ मीटर रुंद असतो. आतली रुंदी साधारण २.३५ मीटर, त्यात दोन्ही बाजूंना रोधक थर आणि बोर्ड लावला की खोली सात फुटांवर येते. दुहेरी पलंग ठेवल्यावर बाजूने जेमतेम चालता येते. कंटेनरचा भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर असतो आणि पन्हळी बाजू त्याला ताठ ठेवतात. रुंद खिडकी किंवा दार कापले की तिथे चौकट वेल्ड करून बळकटी द्यावी लागते. दोन कंटेनर जोडून मधली भिंत काढणे हे तर पूर्ण नव्या गणिताचे काम आहे. मूळ प्लायवूडच्या जमिनीवर कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते, म्हणून ती बदलावी किंवा पूर्ण झाकावी. कायम राहण्यासाठी मी कंटेनरची शिफारस करत नाही.

प्रीफॅब घराला परवानगी लागते का?

लागते. घर बोल्टने जोडलेले आहे, चाकांवर आणले आहे किंवा उद्या हलवता येईल, या कारणाने परवानगीतून सूट मिळते असे विक्रेते सांगतात. राहण्यासाठी उभारलेल्या बांधकामाला तो युक्तिवाद लागू पडत नाही. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली (२०२०) आणि स्थानिक प्राधिकरणाचे नियम या घरांनाही लागू आहेत. शेतजमिनीवर शेतघर बांधायचे, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४१ नुसार किमान ०.४ हेक्टर जमीन लागते आणि जोत्याच्या क्षेत्रफळावर मर्यादा आहे. त्याहून वेगळ्या निवासी वापरासाठी बिनशेतीचा विचार करावा लागतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन विकत घेता येत नाही, हेही ‘शेतात केबिन ठेवू’ अशा जाहिरातींमागे धावण्याआधी ध्यानात घ्यावे. समुद्रकिनारी सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) आणि महाबळेश्वर-पाचगणी, माथेरान येथे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचे नियम वेगळे लागतात.

गृहकर्जासाठी बँकेच्या मूल्यांकनकाराला आराखडा, इंजिनिअरचे प्रमाणपत्र आणि परवानगी दाखवावी लागते, म्हणून ऑर्डर देण्याआधीच बँकेशी बोलावे.

हे घर स्वस्त पडते का?

वेळ निश्चित वाचतो. पैसा वाचेलच असे नाही. कोटेशनचा प्रति चौरस फूट दर पाहून तुलना करण्यात लोक फसतात, कारण त्या दरात बहुधा जोते, वाहतूक, हायड्रा क्रेनचे भाडे, शौचालयाची टाकी, पाण्याची जोडणी, बाहेरच्या पायऱ्या, वायरिंगचे सामान आणि कर धरलेले नसतात. ते सगळे मिळवून एक आकडा काढावा आणि मग नेहमीच्या आरसीसी घराशी तुलना करावी. क्षेत्रफळ कार्पेट धरले आहे की बाहेरून, आणि पडवी निम्मी मोजली की पूर्ण, हेही विचारावे.

जिथे पाणी, वाळू आणि कुशल गवंडी मिळणे अवघड आहे, तिथे प्रीफॅब खरोखर किफायतशीर ठरते. जिथे चिरा शेजारच्या खाणीतून येतो आणि गवंडी गावातच आहे, तिथे नेहमीचे घर स्वस्त पडू शकते, आणि तसे असेल तर तेच बांधावे.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत : आराखडा मंजूर झाल्यावर, सांगाडा कारखान्यात तयार झाल्याचे पाहिल्यावर, माल जागेवर उतरल्यावर, छप्पर पूर्ण झाल्यावर. शेवटचा हप्ता एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवण्याची अट करारात घालता आली, तर तिच्याइतकी चांगली हमी दुसरी नाही.

भिंतीवर कपाट, गीझर, टीव्ही अडकवता येतो का?

येतो, पण जागा आधी सांगितली तर. बोर्डामागे त्या ठिकाणी १८ मिमीचे जलरोधक प्लायवूड (आयएस ७१०) किंवा जादा सेक्शन घालून ठेवावा लागतो. म्हणून स्वयंपाकघराची मांडणी, पंख्यांचे हूक, एसीचे ब्रॅकेट, देव्हाऱ्याची आणि पाळण्याची जागाही कारखान्यात काम सुरू होण्याआधी कागदावर हवी. हजार लिटरच्या पाण्याच्या टाकीचे वजन भरल्यावर एक टनाहून अधिक होते. ती छपरावर न ठेवता स्वतंत्र स्टँडवर ठेवावी. सोलर पॅनल बसवायचे असतील, तर त्यांवर येणारी वाऱ्याची ओढ गणितात धरायला सांगावी.

बाथरूमचे काय?

तळमजल्याचे बाथरूम एएसी ब्लॉकचे आणि काँक्रीटच्या जमिनीवर केल्यास बहुतेक त्रास टळतो. वरच्या मजल्यावर करायचे असल्यास सिमेंट बोर्डावर जलरोधक थर भिंतीवर किमान एक फूट चढवून घ्यावा आणि फरशा लावण्याआधी दोन दिवस पाणी साठवून पाहावे. पाइपचे सांधे उघडून तपासता येतील असे छोटे दार ठेवावे.

वाळवी आणि उंदीर?

पोलादाला वाळवी लागत नाही, पण ती भिंतीच्या पोकळीतून चढून चौकटी, कपाटे आणि जिप्सम बोर्डाचा कागद खाते. जोत्याखाली वाळवीरोधक प्रक्रिया (आयएस ६३१३) करूनच घ्यावी. पफ आणि थर्माकोल उंदीर-घुशी कुरतडतात. पॅनलची प्रत्येक उघडी कड पत्र्याच्या पट्टीने बंद असावी.

घराचे आयुष्य किती, आणि देखभाल काय करावी?

सांगाडा कोरडा राहिला तर ५० वर्षांचा हिशेब धरणे योग्य आहे. तो कोरडा राहतो की नाही, हे ठरते दरवर्षीच्या लहान कामांवर. मे महिन्यात छपरावर चढून स्क्रूंखालचे रबरी वॉशर पाहावेत, कारण उन्हाने ते पत्र्याच्या आधी कडक होतात. पन्हळींतला पालापाचोळा काढावा. सीलंट सुटलेला दिसेल तिथे जुना पूर्ण खरवडून नवा भरावा, वरून थापू नये. किनाऱ्यावरच्या घरात पाखांखालचा पत्रा आणि भिंतीचा वरचा भाग पावसाने कधीच धुतला जात नाही आणि तिथे मीठ साचून राहते. तो भाग हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात गोड्या पाण्याने धुवावा. रंगाला ओरखडा दिसला, की त्याच आठवड्यात जस्तयुक्त प्रायमर लावावा. बांधकामाच्या वेळी उरलेले दोन-चार पॅनल, पत्रे आणि बोर्ड घरीच ठेवून घ्यावेत, कारण काही वर्षांनी त्याच मापाचा आणि त्याच छटेचा माल मिळेल याची खात्री कोणतीही कंपनी देत नाही.